घरोघरी जाऊन फ्रेमच्या ऑर्डरी घ्यायला लॅपटॉप कोणता घ्यावा?

चौकट_दांडियाबाजार

नमस्कार मंडळी. बडोद्यात दांडिया बाजारात फ्रेमिंगचं दुकान आहे. हल्ली बरीच कामं वासणा-भायलीकडच्या नव्या फ्लॅटांतून आणि अलकापुरीतल्या ऑफिसांतून येतात. हे गिऱ्हाईक दुकानात येत नाही, सॅम्पल घेऊन आपणच जावं लागतं. जो मुलगा जातो त्याच्या हातात लॅपटॉप द्यायचा आहे.

काम एवढंच: चित्राचा फोटो काढून त्याभोवती पट्टी (फ्रेमची कड) आणि माउंट (चित्र आणि पट्टी यांमधला पुठ्ठा) लावून दाखवणं, जागेवर भाव काढणं, कोटेशनची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणं, ॲडव्हान्स घेणं. संध्याकाळी दुकानात टॅलीला नोंद. बजेट ६० हजार, ताणून ६५.

दुकानदार ग्राफिक कार्डवाला १५.६ इंची गेमिंग लॅपटॉप गळ्यात मारतोय. "फोटोचं काम आहे ना, मग हाच घ्या" म्हणतो. मला पटत नाहीये. टचस्क्रीन लागेल का? टॅबलेटवर भागेल का? रिफर्बिश्ड घेतला तर?

---

काटकोन४५

गेमिंगवाला नकोच. अडीच किलोच्या आसपास लॅपटॉप, वर अर्ध्या किलोचा चार्जर, आणि दुसऱ्या खांद्यावर चाळीस कोपऱ्यांची (काटकोनात जोडलेल्या पट्टीच्या नमुन्यांची) पिशवी. हे सगळं घेऊन तो मुलगा ॲक्टिव्हावर भायलीला जाणार. एका फोटोवर चार पट्ट्या चिकटवायला वेगळं ग्राफिक कार्ड लागत नाही.

तुमचे पैसे स्क्रीनमध्ये गेले पाहिजेत. बाकी सगळं मध्यम चालेल.

स्पेसिफिकेशनच्या कागदावर "४५% एनटीएससी" (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं एक माप) लिहिलेलं दिसलं की तो लॅपटॉप खाली ठेवा. स्वस्त मॉडेलांत हाच पॅनेल सर्रास असतो. एसआरजीबीच्या (फोटोंसाठी नेहमी वापरला जाणारा रंगसंच) हिशेबात तो साधारण ६०-६५ टक्केच रंग दाखवतो, आणि नेमके आपल्या धंद्यातले रंग मारतो: सोनेरी पट्टी मोहरीसारखी दिसते, सागवानी आणि अक्रोड यांतला फरक जातो, मरून माउंट विटकरी होतो. तुम्हाला "१००% एसआरजीबी" असं स्पष्ट लिहिलेला आयपीएस पॅनेल हवा. ब्राइटनेस किमान ३०० निट्स. गॅलरीच्या दाराशी बसून दाखवायचं असेल तर ४०० असलेला बरा, २५० निट्सवाला तिथे आरसा होतो.

आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग फारसा न बदलणारा पॅनेल) अशासाठी की घरी निर्णय एकटा माणूस घेत नाही. समोर बसलेल्याला अक्रोडी दिसणारी पट्टी सोफ्याच्या टोकाला बसलेल्या आजींना राखाडी दिसली, तर ऑर्डर तिथेच अडते.

१४ इंच, १६:१० आकार, १९२०×१२०० रेझोल्यूशन घ्या. उंची जास्त मिळते, उभं चित्र मोठं दिसतं. शिवाय एक सोय आहे: या स्क्रीनवर एका इंचात सुमारे १६२ पिक्सेल बसतात. दीड इंची पट्टीचा कोपरा २४३ पिक्सेल रुंदीचा करून ठेवला की तो स्क्रीनवर खऱ्या मापाचा दिसतो. मागे भिंतीवरचा पूर्ण फोटो आणि बाजूला खऱ्या मापाचा कोपरा, असं दाखवलं की "दीड इंच म्हणजे किती जाड हो?" हा प्रश्न मिटतो.

बाकीचं झटपट: रॅम १६ जीबी, कारण पातळ मॉडेलांत बऱ्याचदा ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढत नाही. एसएसडी ५१२ जीबी, तुमच्या कामाने तेवढीही पूर्ण भरणार नाही. प्रोसेसर इंटेलचा तेराव्या पिढीचा आय-फाइव्ह किंवा त्याच तोडीचा रायझन ५. रायझनमध्ये मात्र आकडा नीट वाचा. ७५२०यू आणि ७५३०यू दिसायला भाऊ-भाऊ, पण तिसरा अंक चिपची जात सांगतो. २ म्हणजे जुना झेन २, ३ म्हणजे झेन ३. दुकानदार दोन्हींना "रायझन फाइव्ह, सात हजार सिरीज" म्हणूनच विकतो.

रिफर्बिश्ड: विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. त्यामुळे सातव्या पिढीचं काहीही नको. आठव्या पिढीचे ऑफिसांतून निघालेले लॅपटॉप अंगाने दणकट असतात, पण त्यांतल्या पुष्कळांत तोच २५० निट्स आणि ४५ टक्केवाला पॅनेल असतो. टॅलीसाठी दुकानात ठेवायला उत्तम, गिऱ्हाइकासमोर उघडायला नाही.

---

रंगपेटी

काटकोनरावांशी सहमत. दुकानात पारख कशी करायची ते सांगतो.

जाताना तीन कोपरे खिशात न्या: एक सोनेरी वर्खाचा, एक अक्रोडी, एक काळा मॅट. त्याच तिघांचे दिवसाउजेडी काढलेले फोटो पेनड्राइव्हवर. फोटो फुलस्क्रीन उघडा, कोपरा स्क्रीनच्या शेजारी धरा. ब्राइटनेस पूर्ण करा आणि चार्जर काढा. हे विसरू नका, कारण शोरूममध्ये सगळे लॅपटॉप चार्जरवरच असतात आणि खरी गंमत बॅटरीवर सुरू होते.

बॅटरीवर गेल्याबरोबर वीज वाचवायला ग्राफिक्सचा ड्रायव्हर स्क्रीनचा कॉन्ट्रास्ट बदलतो. काळी पट्टी करडी पडते, सोनेरी फिकी होते, आणि तेही चित्र बदलेल तसं कमीजास्त. पॅनेल चांगला असूनही लोक लॅपटॉपला नावं ठेवतात ती यामुळे. बंद करायच्या जागा अशा:

रायझन असेल तर एएमडीच्या ॲड्रेनलिन सॉफ्टवेअरमध्ये डिस्प्लेखाली "व्हॅरी-ब्राइट" बंद. इंटेल असेल तर इंटेल ग्राफिक्स कमांड सेंटर, सिस्टिम, पॉवर, तिथलं "डिस्प्ले पॉवर सेव्हिंग" बंद. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये कंटेंटनुसार ब्राइटनेस बदलण्याचा पर्याय दिसला तर तोही बंद. शेवटी नाइट लाइट. याची वेळ लावलेली असली की हा संध्याकाळी आपोआप चालू होतो आणि सातच्या भेटीत पांढरा माउंट क्रीम दिसायला लागतो. गिऱ्हाईक क्रीम समजून पांढरा निवडतो आणि डिलिव्हरीला भांडण.

ओएलईडीचा मोह होईल. काळा रंग सुंदर दिसतो, पण फॅक्टरी सेटिंगवर सगळं भडक. घेतलात तर रंगाच्या सेटिंगमध्ये एसआरजीबी मोड लावूनच वापरा, नाहीतर साधी सागाची पट्टी शिसवीसारखी तांबूस दिसेल.

आणि इतकं करूनही स्क्रीनवरच्या रंगावर ऑर्डर पक्की करायची नाही. स्क्रीनवर माप आणि प्रमाण ठरवा: पट्टी जाड हवी की बारीक, माउंट दोन इंच की तीन. रंग हातातल्या कोपऱ्यावर ठरवा, आणि तो कोपरा चित्राला टेकवून, त्याच घरातल्या उजेडात. काचेचंही तसंच. नॉन-रिफ्लेक्टिव्ह काच लॅपटॉपवर दाखवताच येत नाही, ४×६ इंचाचा तुकडा कडा घासून सोबत ठेवा. ती काच चित्राला चिकटून असली तर ठीक, पण जाड माउंटमुळे अंतर पडलं की चित्र धूसर दिसतं. तुकडा आधी टेकवून, मग अर्धा इंच वर उचलून दाखवा. समजावत बसावं लागत नाही.

---

पट्टीहिशेब

लॅपटॉपवर बोलणं झालं, पण तो न्यायचा कशाला ते राहिलं. चित्र तर फोनवरही दाखवता येतं. लॅपटॉपचा खरा उपयोग हिशेबाला आहे.

माप इंचात धरून एक उदाहरण. प्रिंट १८×२४, माउंट चारही बाजूंनी अडीच इंच. माउंट प्रिंटवर पाव इंच चढतो, म्हणून काचेचं माप १८ − ½ + ५ = २२½, आणि २४ − ½ + ५ = २८½. लाकूड फुगतं-आकसतं म्हणून एक सूत, म्हणजे ⅛ इंच, ढील द्या: २२⅝ × २८⅝. पट्टी दीड इंच रुंद, खाच (पट्टीच्या आतल्या कडेला काच-चित्र बसतं ती जागा) पाव इंच.

लागणारी पट्टी = २ × (रुंदी + उंची) + ८ × (पट्टीची रुंदी − खाच)
= २ × ५१¼ + ८ × १¼ = १०२½ + १० = ११२½ इंच.

पात्याची जाडी आणि टोकं साफ करणं मिळून २ इंच धरा. झाले ११४½. आता साडेनऊ फुटी पट्टी म्हणजे ११४ इंच. अर्ध्या इंचाने हुकली! चौथा तुकडा दुसऱ्या पट्टीतून काढावा लागणार आणि भाव एका पट्टीचा सांगून बसलेले असणार.

माउंट अडीचऐवजी सव्वादोन केला की घेर २ इंचांनी घटतो. ११२½ होतात आणि एका पट्टीत काम होतं. दिसण्यात फरक कोणाला कळत नाही. हे गिऱ्हाइकाच्या समोर बसून कळलं तर उपयोग, संध्याकाळी कारखान्यात कळून काय करायचं?

शीटमध्ये नुसती एकूण लांबी भागिले पट्टीची लांबी असं सूत्र टाकू नका. तीन फ्रेमची ऑर्डर असेल तर तुकडे बसतात की नाही ते बघावं लागतं. ३१ इंचाचा तुकडा दोन उरलेल्या १८ इंची टोकांतून जोडता येत नाही, बेरजेत मात्र बसलेला दिसतो. मोठ्या तुकड्यापासून सुरुवात करून एकेक पट्टी भरत जायची, एवढं सूत्र केलं तरी पुरे. पट्टीची लांबी प्रत्येक कोडसमोर वेगळ्या रकान्यात लिहा. काही साडेनऊ फुटी येतात, काही दहा फुटी, आणि वरचं माप दहा फुटीत आरामात बसतं.

फ्रेमिंगची तयार परदेशी सॉफ्टवेअरं मिळतात, पण त्यांतल्या याद्या तिकडच्या मोल्डिंग कंपन्यांच्या. आपल्या पट्ट्यांचे कोड, रुंदी, खाच, भाव सगळं आपणच भरायचं असेल तर एक्सेल काय वाईट?

भावाची फाइल ऑफलाइन उघडली पाहिजे. नव्या इमारतींच्या आतल्या खोल्यांत आणि तळघरातल्या ऑफिसांत रेंज जाते. वनड्राइव्हवर असेल तर त्या फोल्डरवर राइट क्लिक करून "ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस" करा. नाहीतर फाइलचं चित्र दिसतं, फाइल उघडत नाही.

---

चौकट_दांडियाबाजार

हे साडेनऊ फुटाचं अगदी बरोबर बोललात. टॅबलेटचं मात्र राहिलं. आणि चित्राभोवती पट्टी लावतो तेव्हा ती खोटी दिसते, स्टिकर चिकटवल्यासारखी. ते लॅपटॉपमुळे की फोटोमुळे?

---

काचकाम

फोटोमुळे. एका पट्टीचा एकच फोटो काढून तो चार बाजूंना फिरवत असाल. फोटोसोबत उजेडही फिरतो. वरच्या पट्टीवर उजेड वरून, डावीकडे डावीकडून, खाली खालून. खऱ्या भिंतीवर वरची पट्टी उजळ आणि खालच्या पट्टीची आतली कड चमकते, एक बाजू थोडी अंधारात असते. डोळ्याला चूक कळते, नाव सांगता येत नाही.

उपाय: एक फूट सरळ तुकडा पांढऱ्या कार्डशीटवर ठेवा. खिडकी एका बाजूला आणि दिवसभर तीच. एकाच जागी चार फोटो घ्या, तुकडा दर वेळी पाव वळसा फिरवून, खाचेची बाजू मध्याकडे. फोन अगदी वरून, काटकोनात, दोनपट झूमवर. जवळून साध्या लेन्सने काढला तर पट्टी कडांना वाकते. दोनशे कोडचे आठशे फोटो, एकेक एक एमबीचा केला तरी एक जीबीच्या आत. फाइलचं नाव कोड आणि बाजू, बाकी काही नाही. नंतर माउंटच्या आतल्या कडेला बारीक पांढरी रेघ आणि पट्टीच्या आत माउंटवर हलकी सावली टाका. तेवढ्यानेच स्टिकरपणा जातो.

भिंतीवर दाखवायचं असेल तर ए-फोर कागद भिंतीला चिकटवून फोटो काढा. तो २९७ मिलिमीटर म्हणजे ११.७ इंच लांब. फोटोत त्याचे पिक्सेल मोजले की प्रमाण मिळालं. कागद भिंतीलाच लागलेला हवा. सोफ्याच्या पाठीवर, म्हणजे भिंतीच्या फूटभर पुढे ठेवलात तर फ्रेम खऱ्या मापापेक्षा मोठी दिसणार.

कटिंगचं माप मात्र फोटोवरून कधीच नाही. स्टीलची टेप, रुंदी तीन जागी, उंची तीन जागी, दोन्ही कर्ण. ताणलेल्या कॅनव्हासचे कर्ण दोन सुतांनी वेगळे निघाले की तो काटकोनात नाही. मोठं माप धरायचं आणि ढील वाढवायची.

टॅबलेटबद्दल माझं मत वरच्यांपेक्षा वेगळं. हिशेबाची शीट आधी नीट बांधून झाली असेल तर भेटीला टॅबलेट जास्त चांगला. हातोहात फिरतो, भिंतीशी उचलून धरता येतो, मधे कीबोर्डची भिंत नसते. पण टॅबलेटवर एक्सेल रांगायला लागतं आणि विंडोजची टॅली त्यावर बसत नाही. दोन वस्तू परवडत नसतील तर ३६० अंशांत वळणारा टचस्क्रीनचा लॅपटॉप घ्या आणि टीपॉयवर तंबूसारखा उभा करा. त्याची काच चकचकीत असते हा तोटा आहेच. स्क्रीनचं तोंड खिडकीकडे करून ठेवू नका, ट्यूबलाइटखालीही नको. बिजागरी दुकानातच तपासा: तंबू करून स्क्रीनच्या वरच्या कडेला बोट लावा, डुलत राहिली तर दुसरं मॉडेल बघा.

---

काटकोन४५

तंबू ठीक, पण वळणाऱ्या मॉडेलांत त्याच पैशात स्क्रीन दुय्यम मिळते. ६० हजारांत मी साधा मॅट, १०० टक्के एसआरजीबीवाला घेईन. ज्याची ऑर्डर मुख्यतः घरांत आहे त्याने काचकामांचं ऐकावं, ऑफिसांत जास्त असेल त्याने माझं.

बॅटरीचं राहिलं होतं. "१० तास" हा आकडा वाचू नका, वॉट-अवर (बॅटरीत किती वीज मावते ते) वाचा. स्क्रीन पूर्ण उजळ ठेवून हे काम करताना १० ते १२ वॉट जातात असं धरा. ५० वॉट-अवरला चार-साडेचार तास. पाऊण तासाच्या चार भेटी निघतात. ३७-४० वॉट-अवरवाला तिसऱ्या भेटीनंतर धाकधूक लावतो. चार्जिंग टाइप-सीवर होतं का ते विचारा, कारण टाइप-सी खाच असली म्हणजे चार्ज होतोच असं नाही. पॉवर डिलिव्हरी लिहिलेलं हवं. तसा असेल तर ६५ वॉटचा एकच चार्जर फोनलाही चालतो आणि पॉवर बँकवरही भागतं. २०,००० एमएएचची बँक म्हणजे ७४ वॉट-अवर, रूपांतरात काही जातात, तरी एक पूर्ण चार्ज मिळतो. पण बँकही ४५-६५ वॉटची हवी. फोनची १८ वॉटवाली लावली की बऱ्याचदा लॅपटॉप तिला ओळखतच नाही.

---

वहीखातं

खरेदी आणि सांभाळ, थोडक्यात.

बिल दुकानाच्या जीएसटी नंबरवर घ्या. ऑनलाइन घेतलात तर ऑर्डर देण्याआधीच नंबर टाका, बिल निघाल्यावर बदलून घेणं म्हणजे हेलपाटे. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, नियमित नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं. म्हणजे तुमचे ६५ हजार मुळात ५५ हजारांच्या आसपास पडतात. कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) असाल तर क्रेडिट नाही, मग ६५ म्हणजे ६५च.

वॉरंटी घरपोच सेवेची घ्या आणि अपघाती नुकसानीचं कव्हर जोडा. हा लॅपटॉप ॲक्टिव्हावर फिरणार आहे. पिशवीत त्याच्या शेजारी कोपरे ठेवू नका. दाबली गेली की लाकडाचं टोक झाकणावर टेकतं आणि आतून पॅनेल तडकतो, बाहेरून ओरखडासुद्धा दिसत नाही. मे महिन्यात दुपारी डिकीत राहू द्यायचा नाही, बॅटरी फुगते आणि टचपॅड वर उचललं जातं. कारखान्यात कटिंग मशीनजवळ उघडू नका. एमडीएफची भुकटी पंख्यात जाऊन बसते आणि महिन्याभरात पंखा ओरडायला लागतो.

विंडोज ११मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क बहुतेक वेळा आपोआप एन्क्रिप्ट होते. चांगलंच आहे, आत गिऱ्हाइकांच्या घरांचे फोटो असतात. पण सर्व्हिसमध्ये मदरबोर्ड बदलला की ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. अकाउंट त्या मुलाच्या वैयक्तिक ईमेलवर काढलं असेल आणि तो नोकरी सोडून गेला असेल, तर डेटा गेला. अकाउंट दुकानाच्या नावाने काढा, की छापून गल्ल्यात ठेवा. आणि एक प्रत ढगात असू द्या: ऑगस्ट २०२४ला विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तळमजल्यावरची हार्डडिस्क आणि तिचा बॅकअप एकाच कपाटात असण्याचा अर्थ पुष्कळांना कळला.

कोटेशनच्या पीडीएफवर ॲडव्हान्सची रक्कम आधीच भरलेला यूपीआय क्यूआर टाका. गिऱ्हाईक रक्कम टाइप करत नाही, चुकत नाही. फ्रेमचं चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबलं जाऊन पट्टीचं नक्षीकाम पुसट होतं. खाली एक ओळ छापा: "रंग हातातील नमुन्याप्रमाणे", आणि नमुन्याचा कोड.

---

चौकट_दांडियाबाजार

खूप आभार सगळ्यांचे. १४ इंची, मॅट, १०० टक्के एसआरजीबी, १६ जीबी, टाइप-सी चार्जिंग असं ठरवलं. एक मॉडेल बघून ठेवलंय, कागदावर सगळं आहे, फक्त "३०० निट्स" लिहिलंय आणि एनटीएससीचा आकडा "७२%" दिलाय. चालेल?

---

रंगपेटी

चालेल. ७२% एनटीएससी आणि १००% एसआरजीबी हे जवळपास एकच, लिहिण्याची पद्धत वेगळी. फक्त एक बघा: एकाच मॉडेलच्या नावाखाली दोन-तीन पॅनेल येतात. शोरूममधला नमुना ७२ टक्केवाला आणि खोक्यातला ४५ टक्केवाला असं होतं. खोक्यावरचा पूर्ण पार्ट नंबर कंपनीच्या साइटवर टाकून पॅनेल जुळवा, बिलावर तोच नंबर लिहून घ्या, आणि खोका तिथेच काउंटरवर उघडून अक्रोडी कोपरा शेजारी धरा. चार्जर न लावता.